मायच्या मशीनीले मोटर

कौसल्याबाई शंभरकरचा उजवा पाय घोट्यापासून खाली मेलेला होता, आणि पाचपावलीच्या त्या गल्लीत हे तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. दिसायला पाय धड होता. लुगड्याच्या काठाखालून दिसत तेवढी बोटं जागच्या जागी, टाच भेगाळलेली, कष्टाच्या बाईची असते तशी. फक्त त्याला काही कळायचं नाही. काटा रुतला तर कळायचा नाही. चिखलात चप्पल रुतून मागं राहिली तर चार पावलं पुढं गेल्यावर, खाली पाहिल्यावरच समजायचं.

आधी घोट्याच्या वर एक चट्टा आला होता. भोवतालच्या कातडीपेक्षा फिकट, त्यावरची लव झडलेली. शिवणाऱ्या बाईच्या हाताशी सुई असतेच. तिनं टोचून पाहिलं. रक्ताचा ठिपका वर आला, दुखलं नाही. आणखी टोचलं. मग तिनं सुई पदराला पुसली, लुगडं खाली ओढलं आणि चुलीवरचं वरण उतरवायला गेली. काय झालंय हे तिला त्याच वेळी समजलं होतं.

डॉक्टर त्याला कुष्ठरोग म्हणतात. गल्लीतल्या बाया नाव घेत नसत, ‘तो रोग’ म्हणत आणि बोटं मोडत. कौसल्याबाईनं तो जवळून पाहिला होता. तिच्या नवऱ्याच्या, धोंडबाच्या थोरल्या बहिणीला तो झाला होता, खेड्यावर, हिचं लग्न झालं त्याच साली. तिला गावाबाहेर आंब्याखाली कुडाचं खोपडं घालून दिलं होतं. भाकर बांधावर नेऊन ठेवायची, हाक मारायची आणि मागं न बघता परत यायचं. नवी सून म्हणून हे काम कौसल्याबाईकडं आलं. एके सकाळी आदल्या दिवशीची भाकर मुंग्यांनी भरून जागीच पडलेली दिसली. तिनं घरी येऊन सांगितलं. सासू म्हणाली, “सुटली बिचारी,” आणि हिला म्हणाली, “हात धू आन् जेवाले बस.”

तेव्हा आपल्या पायाचं काही कोणाला सांगायचं नाही, हे ठरवायला तिला वेळ लागला नाही. दवाखान्यात जायचं नाही. कारण दवाखान्यात गेलं की कागद होतो, आणि कागद झाला की सरकारी माणूस घर विचारत येतो. दिवसभर ती लुगड्याचा काठ पावलावर येईल असं नेसायची. तळव्याला जखम झाली तर उरलेल्या चिंध्या बांधायची. मुलगा सणासुदीला पाया पडायला वाकला की वरच्यावर खांदे धरून उभं करायची. “राहू दे रे, मोठा झाला तू आता.”

तिला आयुष्याकडून एकच गोष्ट पाहिजे होती. मरेपर्यंत मशीनवर बसायचं.

मशीन धोंडबानं आणली होती. तो मिलच्या सूतखात्यात होता. छप्पन्नच्या दसऱ्याला दोघांनी पांढरे कपडे घालून दीक्षा घेतली, घरातले देव टोपल्यात भरून तलावात सोडले आणि पुढच्या बोनसला रिकाम्या झालेल्या देवळीखाली ही काळी मशीन येऊन बसली. धोंडबा पुढं छातीत कापूस भरून खोकून खोकून मेला. बळीराम तेव्हा शाळेत होता. त्या मशीनवर कौसल्याबाईनं त्याला मोठा केला. गल्लीत जन्मणाऱ्या पोराचं पहिलं झबलं तिच्या हातचं असायचं. पोरींचे फ्रॉक, बायांचे पोलके, म्हाताऱ्यांच्या बंड्या, सगळं तिच्याकडं. आणि दसरा जवळ आला की पांढऱ्या कापडाचे ढीग. दीक्षाभूमीवर जायला गल्लीला पांढरं लागायचं आणि ते कौसल्याबाईनंच शिवलेलं लागायचं. लोक तिला नावानं कमी आणि ‘मशीनवाली बाई’ म्हणून जास्त ओळखत.

आता तो पाय पायडलवरून घसरायला लागला होता. तिला वाटायचं पाय चालतोय, आणि मशीन उभी असायची. खाली पाहावं तर पाऊल शेजारी फरशीवर पडलेलं. कधी उलटा रेटा बसून धागा तुटायचा. शिवण वाकडी जायची.

“कौसल्ये, काय वं हे? बाही होय का घाटातला रस्ता?” शेजारची सिंधूताई पोलकं उलटंपालटं करत म्हणाली. सिंधूताईचं तोंड फाटकं, पण येणंजाणं रोजचं. दोघींनी दीक्षा एका रांगेत बसून घेतली होती.

“घुडगा दुखते वं माया,” कौसल्याबाई म्हणाली. “पायडल मारनं होत नाई.”

“म्हातारी झाली तू.”

“तू काय पाळण्यात हायेस?”

दोघी हसल्या. पण गुडघ्याची गोष्ट तिथून निघाली ती गल्लीभर झाली आणि संध्याकाळी बळीरामपर्यंत पोचली.

बळीराम लकडगंजला एका आरामशीनीवर कामाला होता. सागवानाचे ओंडके चिरायच्या त्या मोठ्या मशीनीचे पट्टे, गरारी आणि मोटर त्याच्याकडं. मिस्त्रीच्या हाताखाली शिकला होता, आता मिस्त्री त्यालाच विचारायचा. सदऱ्यात, केसात, कानात कायम लाकडाचा भुसा. बायको पुष्पलता रोज म्हणायची, “अंगनात झटकून या, घरात अर्धं झाड घेऊन येऊन राह्यले तुमी.”

“माय, मोटर बसवतो तुया मशीनीले,” त्या संध्याकाळी तो जेवता जेवता म्हणाला. “पाय मारायची गरजच नाई. उलसंक दाबलं का चालते.”

“कायले रे? कांदा-तेल लावीन घुडग्याले.”

“कांदा-तेलानं पायडल हलते का?”

कौसल्याबाईच्या मनात वेगळंच चाललं होतं. पायडलवर पाय वर-खाली जाताना दिसतो, चुकला की दिसतो. मोटर असेल तर पाय एका जागी ठेवून द्यायचा. लुगड्याखाली ठेवलेला पाय कोण बघतं? मोटर आली तर आपलं लपून जाईल.

“बरं,” ती म्हणाली. “पन चांगली आनजो. झटका नाई पायजे.”

रविवारी बळीराम इतवारीत वामनराव मशीनवाल्याच्या दुकानात गेला. वामनरावाचं दुकान म्हणजे एक फळी आणि मागं टांगलेले मशीनीचे सांगाडे. म्हातारा चष्म्याच्या काड्यांना दोरा बांधून काम करायचा.

“शिलाई मशीनीले मोटर पायजे, भाऊ.”

“तू तं आरामशीनीवाला नं? केसातला भुसा सांगून राह्यला.” वामनराव हसला. “पाह्य बाप्पा, तिकडची मोटर लावशील तं माय पोलक्याच्या फळ्या पाडल!”

बळीरामलाही हसू आलं. पण तो काम हसण्यावारी नेणारा माणूस नव्हता. त्यानं जुन्या मोटरा बाजूला सारल्या. जुन्या मोटरचं पितळ झिजलेलं असतं, ती झटका देते. नवी घेतली. अंगठ्यानं आस फिरवून पाहिला, कानाशी धरून ऐकला. मग पट्टा. वामनरावानं चामड्याचा पुढं केला. बळीरामनं तो वाकवला, वास घेतला आणि परत दिला.

“चामडं पावसाळ्यात सैल पडते, भाऊ. रबराचा द्या.”

“रबर महाग हाय.”

“असू द्या. पट्टा तुटला का मानूस जाते. पाह्यलं हाय म्या.”

“पोलके शिवताना कोन जाते बे?”

“तरी पन.”

मग वायर, जाड रबराची. मग सुईवर उजेड पडावा म्हणून छोटा दिवा, वाकणाऱ्या दांडीचा. शेवटी वामनरावानं फळीवर दोन वस्तू ठेवल्या. एक पायाखाली ठेवायचं लोखंडी रेग्युलेटर, चप्पट, पावलाएवढं; पायानं दाबलं की मोटर चालते. दुसरी एका विलायती मशीनीवरून काढलेली दांडी. ती मशीनीच्या पोटाखाली लोंबते, गुडघ्यानं बाजूला रेटली की मोटर चालते, गुडघा सरला की बंद.

“हे घुडग्याची चांगली,” वामनराव म्हणाला. “पाय मोकये राह्यते. जुन्या टायलरायले हेच आवडते.”

“मायचा घुडगाच तं दुखून राह्यला, भाऊ. म्हून तं मोटर घेऊन राह्यलो.”

“मंग काय सवाल? पायाची घे.”

बळीरामनं पायाची घेतली. वामनरावानं ती जुन्या कागदात गुंडाळता गुंडाळता सांगितलं, “मोटर हळू हळू चालवली का याचं अंग तापते. आत तार असते नं, चुलीसारखी. मायले सांगजो, चप्पल घालून बसत जाय म्हना.”

त्यानं घरी येऊन सांगितलं. सांगितलं नाही असं नाही. मोटर बसवली, पट्टा ताणला, वायर खिळ्यांनी भिंतीला मारली, सगळं झाल्यावर म्हणाला, “माय, चप्पल घालून चालवजो. हे गरम होते.”

“मशीनीले चप्पल लावू?” कौसल्याबाईनं डोळे मोठे केले. “तुया बापानं आनली थे.”

“मंग का झालं? देव तं तलावात टाकले तुमी.”

“देव टाकले. मशीन नाई टाकली.”

पुष्पलता तोंडाला पदर लावून हसली. बळीरामनं पकड पिशवीत टाकली. “मर्जी तुयी. भाजलं का मानूस आपोआप पाय उचलतेच.”

त्याच्या हिशेबात हे बरोबरच होतं. त्यानं पट्टा वाकवून पाहिला होता, मोटर कानाला लावून पाहिली होती, वायरचं रबर नखानं खरवडून पाहिलं होतं. मायचा पाय त्यानं पाहिला नव्हता. लुगड्याखालचा मायचा पाय मोठा झालेला पोरगा कायले पाहील?

मोटर लागली आणि कौसल्याबाईचे दिवस फिरले. शिवण पुन्हा सरळ जायला लागली. गल्लीतल्या बाया उगाच काम काढून बघायला यायच्या. “आबाबा, विमान होय का काय हे!” सिंधूताई दारातच कानावर हात ठेवायची. बळीरामची दोन वर्षांची पोरगी मशीन सुरू झाली की मांडी घालून समोर बसायची आणि मोटरसारखा आवाज काढायची. आजी उरलेल्या कापडाच्या तुकड्यांतून तिच्या कापडी बाहुलीला पोलकी शिवून द्यायची.

फक्त एक होतं. कौसल्याबाईला मोटरचा जोर पायानं कळत नव्हता. तिनं आवाजावरून अंदाज बसवला. आवाज चढला की दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय जरा मागं घ्यायचा. बारीक कामाला, गळ्याच्या वळणाला, काज्याच्या कडेला मशीन हळू चालवावी लागते. ती हळू चालवायची, तासन् तास. आणि मोटर हळू चालली की पायाखालचं लोखंड तापायचं.

दसरा जवळ आला. पांढऱ्या कापडाचे गठ्ठे घरात छातीइतके उभे राहिले. सदरे, पोलके, लहान पोरांचे कुडते. कौसल्याबाई उजाडता बसायची आणि जेवणापुरती उठायची. एके दिवशी दुपारी ती सदऱ्यांच्या कॉलरी शिवत होती. पुष्पलता बाजूला बसून गुंड्या टाकत होती. मध्येच तिनं नाक वर केलं.

“आत्याबाई, काहीतरी जळून राह्यलं.”

“शेजारी मटन भाजत असंल कोनी.”

“नाई वं, घरातच हाय.”

पुष्पलता उठली. चूल पाहिली, विझलेली. वायरीला हात लावून पाहिला. मोटर हुंगली. गठ्ठ्यांमध्ये हात घालून पाहिला, कुठं बिडीची ठिणगी तर पडली नाही. वास वाढत होता. कौसल्याबाई शिवतच होती, कॉलरीचं टोक वळवायचं नाजूक काम होतं, डोळे सुईवर.

“मशीन बंद करा नं जराशी.”

“हे टोक होऊ दे.”

पुष्पलतानं खाली वाकून मशीनीखाली पाहिलं. लुगड्याचा काठ तपकिरी झाला होता आणि त्याखालून बारीक धूर निघत होता. तिनं काठ वर केला. आणि ओरडली. असं ओरडली की समोरच्या घरातली भांडी खाली पडली.

कौसल्याबाईनं आधी सुनेच्या तोंडाकडं पाहिलं. मग खाली पाहिलं. तळवा रेग्युलेटरच्या लोखंडाला चिकटलेला होता.

“उचला नं पाय! आत्याबाई, पाय उचला!”

“हौ,” कौसल्याबाई म्हणाली, आणि तरी पाय तिथंच होता. मग तिनं वाकून दोन्ही हातांनी घोटा धरला आणि पाय सोडवला, जसं कोणी दुसऱ्याचा पाय सोडवतं. कातडी लोखंडावर राहिली. तिच्या चेहऱ्यावर दुखल्याची एक रेघ नव्हती. ते पाहून पुष्पलता मागं सरकत सरकत भिंतीला टेकली. पोरगी तिथंच खेळत होती. तिला ओढून तिनं छातीशी धरलं.

“दुखून नाई राह्यलं तुमाले?” ती म्हणाली.

कौसल्याबाईनं जळलेला काठ पावलावर ओढायचा प्रयत्न केला.

बळीरामला कोणी तरी लकडगंजहून सायकलवर बसवून आणलं. त्यानं मायचा पाय मांडीवर घेतला. जाणत्या वयात पहिल्यांदा पाहिला. नुसता भाजलेला तळवा नव्हता तो. जुन्या जखमांचे खड्डे होते, त्यात पांढऱ्या चिंध्या बसलेल्या होत्या. करंगळी अर्धी होती.

“कदीपासून, माय?”

“घुडगा दुखते म्हटलं नं म्या.”

“घुडगा?” बळीराम ओरडला. “घुडगा? घुडग्याची दांडी ठेवून आलो म्या तिकडं, तुया घुडग्यापायी! समोर फळीवर ठेवली होती त्यानं!”

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं कापसाची वात करून पायावरून फिरवली. डोळे मिटून सांगायचं, कुठं लागते. बधिरपणा घोट्यापर्यंतच असेल असं तिला वाटत होतं, पण पार गुडघ्यापर्यंत काही लागलं नाही. मग हात पाहिले. हातावर मात्र प्रत्येक वेळी तिनं बरोबर सांगितलं. डॉक्टर तरुण होता, घाईत होता, पण त्यानं खुर्ची पुढं ओढली.

“आजी, पाच-सहा वर्षांपूर्वी आला असतात तर पाय वाचला असता. आता पायाला परत कळणार नाही. पण गोळ्या घेतल्या तर हात वाचतील. रोज घ्यायच्या. बंद करायच्या नाहीत.”

“कपडे शिवले तं चालते का?” तिनं विचारलं.

“कपड्यांनी हा रोग जात नाही कोणाकडं. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कोणाला काही होत नाही.”

“हे लिहून देता का?”

डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलं. “लिहून कोणाला दाखवणार, आजी?”

कोणाला दाखवायचं ते तिलाही सुचलं नव्हतं.

सरकारी माणूस आलाच. चांगला होता बिचारा. घरातल्या सगळ्यांना तपासायचं असतं, म्हणून त्यानं बळीराम, पुष्पलता आणि पोरीला अंगणात उजेडात उभं केलं, पाठी उघड्या करून चट्टे शोधले. कोणालाच काही नव्हतं. पण अंगणात उघड्या पाठीनं उभ्या राहिलेल्या घराकडं बघायला गल्ली दारात आली होती. सिंधूताई म्हणाली, “काय पाहून राह्यला बाप्पा थो?” आणि त्या माणसाच्या खांद्यावरच्या पिशवीवर दवाखान्याचं नाव होतं. ज्याला वाचता येत होतं त्यानं वाचलं.

दुपारपासून लोक कापड न्यायला आले. दसरा तोंडावर, दुसरा कोणता शिंपी आता काम घेणार नव्हता, तरी नेलं. कोणी कापलेलं नेलं, कोणी अर्धवट शिवलेलं. एका म्हाताऱ्यानं काठीनं सदरा उचलून पिशवीत टाकला. कौसल्याबाई बांधलेला पाय पाटावर ठेवून आत बसली होती आणि कोणाचं कोणतं ते आतून सांगत होती. “निळ्या सुतळीचं गाठोडं मारोतरावचं. बाही लहान केली म्हनावं, सांगितल्यापरमानं.”

सिंधूताई सगळ्यात शेवटी आली. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. रोज चुलीपर्यंत येणारी बाई.

“कौसल्ये, माये पोलके...”

“झाले हायेत. गुंड्या राह्यल्या फक्त.”

“टाक बाप्पा पिशवीत.” तिनं पिशवीचं तोंड लांबूनच धरलं. पुष्पलतानं टाकले. “म्या त्या टायमाले विचारलं तं घुडगा म्हने. मायाजवळ पन घुडगाच म्हने.” सिंधूताईचे डोळे भरले होते. “तुया हातचं खाल्लं हाय वं म्या.”

त्या दिवशी गल्लीतल्या चुलींवर कपडे उकळत होते. ते उकळलेले, कांजी गेलेले पांढरे कपडे घालून लोक दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेले. शंभरकरांच्या घरून कोणी गेलं नाही.

पुष्पलताचा भाऊ कामठीहून आला आणि तिला घेऊन गेला. बळीराम आडवा आला नाही. महिना गेला, दिवाळी गेली. त्यानं मोटर काढून कागदात गुंडाळली. मशीन विकतो म्हणाला.

“कोन घेईल?” कौसल्याबाई म्हणाली. “माया हातची मशीन कोन घेईल रे?”

“मंग काय करतो म्हनतं?”

“पाय गेला तं गेला. हात हायेत नं अजून. डॉक्टर म्हने, हात राह्यतील.” ती रोज सकाळी गोळी गिळून एकेक बोट अंगठ्याला लावून पाहायची. “मले बसू दे मशीनीवर. दुसरं काई मांगत नाई म्या तुले. नाई तं मंग त्या बांधावर नेऊन घाल, तुया आत्यासारखं.”

बळीराम दुसऱ्या दिवशी इतवारीत गेला. गुडघ्याची दांडी कोणी तरी घेऊन गेलं होतं. मग त्यानं आरामशीनीवरच्या सागाच्या तुकड्याची स्वतःच केली. या वेळी त्यानं आधी मायला मशीनीसमोर बसवलं. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं, तिनंही घेऊ दिलं. बधिरपणा किती वर आलाय ते बोटानं दाबून दाबून पाहिलं. “इथं कळते? इथं?” गुडघ्याच्या चार बोटं वर तिला पक्कं कळत होतं. तिथं त्यानं खूण केली आणि दांडी तेवढी लांब ठेवली, की रेटा मांडीनं बसावा. लाकडाला पॉलिश पेपर घासला, परत परत, एक कुसळ राहू दिलं नाही.

आणि पुष्पलता परत आली. पोरीला कामठीलाच आजीकडं ठेवून आली. काहून आली, हे तिनं कोणाला सांगितलं नाही. सासूला एवढंच म्हणाली, “पोरगी तिकडंच राहीन. तुमी विचारू नका.” कौसल्याबाईनं विचारलं नाही.

मशीन मागच्या खोलीत गेली. दारावर पडदा आला. पुष्पलतानं बाहेर सांगितलं, की सासू भावाकडं गावी गेली आणि आता ती स्वतः शिवते. गल्लीनं ऐकून घेतलं. गल्लीला सगळं माहीत होतं. पुष्पलताला साधी तुरपाई धड येत नाही, हेही माहीत होतं. पण लोकांना कपडे लागतात, जवळ लागतात, आणि अंगाला बसणारे लागतात. समोर पुष्पलता उभी असली की लोक कापड देत होते. तिनं मापं घ्यायची, कौसल्याबाईनं आत कापायचं, शिवायचं. गिऱ्हाईक दारात असेपर्यंत मशीन बंद ठेवायची.

उन्हाळ्यात सिंधूताई आली. दसऱ्यानंतर पहिल्यांदा. आत मोटर चालू होती, एका बाहीवर. दारात चाहूल लागताच आवाज थांबला.

“पुष्पे, लेकीले पोरगं झालं माया. पाळन्याले झबलं पायजे.” सिंधूताईनं पिवळ्या कापडाचा तुकडा पुढं केला. “मऊ शिवजो. गळ्याले टोचाले नाई पायजे.”

“हौ, मावशी.”

“मंगाशी तुयं पोलकं पाह्यलं मारोतरावच्या बायकोच्या अंगात. हात चांगला बसला वं तुया.” सिंधूताई पडद्याकडं न पाहता मोठ्यानं म्हणाली. “सासूवर ताण हाय.”

पुष्पलतानं मान खाली घातली.

“मशीन काहून बंद पडली?” सिंधूताईनं विचारलं.

“लाईन गेली, मावशी.”

दोघींच्या डोक्यावर बल्ब जळत होता. सिंधूताईनं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“हौ बाप्पा,” ती म्हणाली. “लाईनीचं काई खरं नाई राह्यलं आजकाल.” आणि पायऱ्या उतरून गेली.

पुष्पलता कापड घेऊन पडद्याआड आली. कौसल्याबाई मांडी दांडीपासून दूर धरून तशीच बसलेली होती, सुई बाहीत रुतलेली. तिनं हात पुढं केला. कापड बोटांच्या पेरांवर घेऊन चोळून पाहिलं.

“पोरगं केवढं हाय?” तिनं हळू विचारलं.

“म्या कुटं पाह्यलं? लेकीकडंच हाय.”

“तरी सांग. अंदाजानं.”

पुष्पलतानं हवेत दोन हात धरले. मग कामठीला ठेवलेली पोरगी जन्मली तेव्हा केवढी होती ते आठवून थोडे जवळ आणले. कौसल्याबाईनं त्या दोन हातांमधलं अंतर नीट पाहून घेतलं आणि खडू उचलला.

“जरासं मोठंच शिवतो,” ती म्हणाली. “लवकर वाढतेत पोट्टे.”